धोंडीभाऊंची काळी लिंबं

आमचे शेजारी धोंडीभाऊ गच्चीवर लिंबं वाळत घालतात. वारूळवाडीत गच्च्यांवर काय वाळत नाही? कुरडया, पापड, मिरच्या, सगळंच. पण लिंबं? तीही अख्खी, उकळून काढलेली, दगडासारखी कडक आणि कोळशासारखी काळी होईपर्यंत? काळं लिंबू म्हटल्यावर आपल्याकडे माणसाला पहिलं काय आठवतं, ते मी सांगायला नको.

मी जुन्नरला शाळेत शिकवते, एसटीनं जाते-येते. इथं भाड्यानं राहायला आले तेव्हा समोरच्या सुलभावहिनींनी मला पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "बाई, त्या घराखालून जाताना वर बघत जाऊ नका."

एकदा वाऱ्यानं त्यातलं एक लिंबू गडगडत खाली आलं आणि नेमकं वहिनींच्या उंबऱ्यापाशी थांबलं. त्याच सकाळी त्यांचा ट्रॅक्टर चालू होत नव्हता. झालं! वहिनी पदर खोचून रस्त्यावर, मागं अख्खी गल्ली. धोंडीभाऊ सावकाश जिना उतरून आले, लिंबू उचललं, त्यावरची धूळ फुंकली आणि कडकन दाताखाली फोडलं.

"बगा, खाल्लं," चावता चावता ते म्हणाले. "सांजंपतुर मेलो तर करणी. न्हाई मेलो तर लूमी."

संध्याकाळी धोंडीभाऊ जिवंत होते. ट्रॅक्टरही डिझेल घातल्यावर चालू झाला.

लूमी म्हणजे अरबांचं वाळवलेलं लिंबू. धोंडीभाऊ तरणेपणी अमिरातीत गेले ते अल ऐनच्या एका घरात स्वैपाकी म्हणून राहिले. जाताना केस काळे आणि स्वैपाक शून्य; परत आले तेव्हा दोन्ही उलट. तिथून त्यांनी सोनं आणलं नाही, टीव्ही आणला नाही. आणली ती तिथली चव, आणि एक शब्द: "श्वय श्वय". म्हणजे हळूहळू. घाई करणाऱ्या प्रत्येकाला ते हाच शब्द ऐकवतात. गल्लीला वाटायचं, भाऊ शेवया मागतायत. मलाही तसंच वाटलं, कारण त्यांच्याकडे पहिल्यांदा गेले तेव्हा त्यांनी मला खरंच शेवया दिल्या. वेलची-केशराच्या गोड शेवया, आणि वर अंड्याची पोळी!

"बलालीत," ते म्हणाले. "तिकडं सकाळच्या पारी खात्यात. तोंड वाकडं करू नका बाई, आदी खावा."

खाल्लं. चांगलं लागलं. त्या दिवसापासून मला त्या घराची ओढच लागली. मचबूस म्हणजे लूमी घातलेला कोंबडीचा भात. थरीद म्हणजे रश्शात मुरवलेली पातळ रोटी. "म्हणजे आपली रश्शात कुस्करलेली भाकरीच की," मी म्हणाले, तर भाऊ दुखावले. "कुस्करल्याली न्हाई बाई. निजवल्याली." हरीस म्हणजे गहू आणि मटण पार एकजीव होईपर्यंत शिजवून घोटलेलं. ते चाखून सुलभावहिनी म्हणाल्या, "ही तर गव्हाची खीर! गुळाच्या जागी बोकड पडलंय."

पण मला सगळ्यात मोठं कोडं पडलं ते इंदूकाकूंचं. भाऊंची बायको. भाऊ एका शेगडीवर मचबूस दमाला लावायचे, तेव्हा काकू दुसऱ्या शेगडीवर स्वतःपुरती भाकरी आणि पिठलं करायच्या. ताट घेऊन भिंतीकडं बसायच्या. भाऊ आग्रह करत नसत. मी एकदा विचारलंच, "काकू, तुम्ही चव तरी बघा की."

"मला वास सोसत न्हाई," त्या म्हणाल्या. आणि जरा वेळानं, भाकरी उलटताना, "त्या चवीपायी माजं आर्दं आयुष्य दारात बसून गेलं, बाई. ती तोंडात कशी घालू?"

यंदा काकूंचे दात काढले. सगळे. कवळी यायला अवकाश होता. भाकरी बंद, पेज आणि दूधभात चालू. चौथ्या-पाचव्या दिवशी काकूंनी पेजेची वाटी सरकवून दिली. "मरन आलं तरी चालंल, पन पेज नको."

त्या दिवशी शाळेतून आले तर भाऊंच्या घरातून घोटल्याचा धप्प धप्प आवाज येत होता. सकाळपासून भाऊ हरीस करत होते. मी दारात पोचले तेव्हा ते काकूंच्या कॉटच्या कडेला वाटी-चमचा घेऊन बसले होते. काकूंनी तोंड भिंतीकडं फिरवलेलं.

"घे की गं. चावायला न्हाई लागत."

"न्हाई म्हणले ना."

भाऊ वाटीकडं बघतच बोलले, "तिकडं मालकांची आई व्हती. तिला शेवटी एक दात न्हवता. माज्या हातनंच खायची. रोज तिला भरवताना वाटायचं, आपल्या माणसाला आपुन कधी एक घास भरवला न्हाई. लाज वाटायची, इंदू. म्हणून नीट शिकून घेतलं. म्हणलं, घरी गेल्याव करू."

मी दारातच उभी, आत जावं की परत फिरावं कळेना. मग काकू वळल्या आणि त्यांनी तोंड उघडलं. भाऊंनी चमचा पुढं केला.

काकूंनी घास तोंडात घोळवला, गिळला.

"मीठ कमी हाय."

भाऊ लगबगीनं उठले. स्वैपाकघरातून तळहातावर मीठ घेऊन आले आणि अवघडून उभे राहिले.

"किती घालू? तुला किती लागतं, मला ठावं न्हाई."

काकूंनी त्यांच्याकडं पाहिलं. मग उठून बसल्या, त्यांच्या तळहातावरचं चिमूटभर मीठ उचलून वाटीत टाकली आणि म्हणाल्या, "एवढं. ध्यानात ठेवा."