उद्घाटनाचं गिरमिट

एका जंगलात, मुलांनो, थंडी फार. दिवाळी झाली की तळं गोठायचं ते थेट होळीला सुटायचं. त्या जंगलाचा राजा सिंह होता. बर्फात सिंह कसा आला, असं विचारू नका. बदली होऊन आला होता.

तळ्याच्या काठी सुंद्राबाई नावाची एक पाणमांजर राहायची. तिला चार पोरं. पोरांना मासे लागायचे आणि मासे होते बर्फाखाली. बर्फ हातभर जाड. सुंद्राबाई दिवसभर नखांनी खरवडायची आणि वाटीएवढा खळगा करायची. सकाळी बघावं तर तोही गोठलेला. पोरं झाडाच्या मुळ्या चघळायची आणि आईकडे बघायची. ते बघणं तिला सोसायचं नाही.

म्हणून तिने दरबारात अर्ज केला. मग दुसरा केला. तिसऱ्या अर्जाला गिरमिट मंजूर झालं.

गिरमिट म्हणजे बर्फाला भोक पाडायचं यंत्र. वर पेट्रोलचं इंजिन, खाली पीळदार लांब पातं, धरायला दोन मुठी. रेस दिली की पातं फिरायचं आणि पाच मिनिटांत भोक. यंत्र टाकी भरून आलंसुद्धा. पण उद्घाटनाला महाराजांची तारीख मिळेना. म्हणून ते वर्षभर कचेरीच्या खोलीत पडून राहिलं. वर्षभर, मुलांनो. तळं गोठलेलं होतं तेवढे सगळे महिने पोरांनी मुळ्या खाल्ल्या.

अखेर तारीख मिळाली. महाराजांचा सचिव कोल्हा स्वतः सांगायला आला. त्याने गळ्यात मफलर गुंडाळला होता आणि काखेत फाइल.

"चार दिवसांनी कार्यक्रम," कोल्हा म्हणाला. "आधी भाषण. मग महाराज स्वतः रेस देतील, भोक पडेल. पहिला मासा महाराजांचा, बाकी तुमचे. फक्त एक अट आहे. भाषणभर यंत्र चालू पाहिजे. बारीक आवाजात."

"ते कशाला?" सुंद्राबाईने विचारलं.

कोल्ह्याने इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. मागे महाराजांनी एका पिठाच्या गिरणीचं उद्घाटन केलं होतं. फीत कापली, टाळ्या पडल्या, बटण दाबलं. गिरणी ढिम्म. त्यावर कावळ्यांनी गाणं रचलं, आणि ते अजून लग्नांत वाजतं. तेव्हापासून महाराज बंद यंत्राजवळ उभेसुद्धा राहत नाहीत.

गिरमिट तळ्यावर आणलं. बाळप्पा अस्वलाला बोलावलं. जंगलात मिस्त्री तेवढा एकच. बाळप्पाने दोरी ओढली. फुर्रर्र! रेस दिली. पातं गरगरा फिरलं. पोरांनी उड्या मारल्या. बाळप्पाने रेस सोडली.

फुस्स.

पुन्हा दोरी, पुन्हा फुर्रर्र, पुन्हा रेस सोडली. पुन्हा फुस्स.

"याला आधी कुणी हात लावलाय?" बाळप्पाने विचारलं. जगातला कुठलाही मिस्त्री पहिला हाच प्रश्न विचारतो.

"कुणीच नाही. आत्ताच खोक्यातून काढलं," सुंद्राबाई म्हणाली.

"लावलाय कुणीतरी," बाळप्पा म्हणाला, आणि त्याला जरा बरं वाटलं. "हे बघा वहिनी, हे पळतं. पण एका जागी शांत उभं राहत नाही. रेस सोडली की मेलं."

"मग पळू दे की, भावजी! रेस धरूनच ठेवा. एक भोक पाडा. मला तेवढंच हवंय."

"उद्घाटनाआधी भोक?" कोल्हा किंचाळला. "ते अनधिकृत ठरेल, बाई! बुजवावं लागेल!"

सुंद्राबाईने पायाखालच्या बर्फात पाहिलं. खालून एक जाडजूड मासा सावकाश पोहत गेला.

मग दुरुस्ती सुरू झाली. पहिल्या दिवशी बाळप्पाने प्लग काढला, घासला, पुसला, फुंकर मारून बसवला. फुस्स. मग एअर फिल्टर उघडला. आत एका उंदराचा संसार निघाला. उंदीर म्हणाला, लेखी नोटीस द्या. कोल्ह्याने तिथल्या तिथे लिहून दिली. उंदीर सामान घेऊन गेला. तरी फुस्स.

दुसऱ्या दिवशी बाळप्पाला बाजूचा एक बारका स्क्रू सापडला. "हा शांत चालीचा," तो म्हणाला. "आत पिळला की रेस सोडली तरी इंजिन चालू राहतं." त्याने पाव फेरा पिळला. फुस्स. अर्धा. फुस्स. बाळप्पा चिडला आणि त्याने एकदम दोन फेरे पिळले.

गिरमिट बंद पडलं नाही. ते कोणी रेस न देताच फिरू लागलं, बाळप्पाच्या हातून सुटलं, आणि तळ्यावरून टणाटण उड्या मारत कोल्ह्याच्या मागे लागलं. कोल्हा पुढे, गिरमिट मागे, त्याच्या मागे अस्वल, आणि सगळ्यांच्या मागे चार पोरं टाळ्या पिटत. कोल्ह्याने फाइल टाकली. मफलर टाकला. शेवटी तो झाडावर चढला, जे कोल्ह्यांना येत नाही, आणि गिरमिट बुंध्याला धडकून गप्प झालं.

"याची नोंद घेतली जाईल," कोल्हा फांदीवरून म्हणाला. बाळप्पाने स्क्रू मुकाट्याने होता तिथे आणला.

तिसऱ्या दिवशी सुंद्राबाईने स्वतः टाकीचं झाकण उघडलं आणि नाक आत घातलं.

"भावजी, हे पेट्रोल आहे का वॉर्निश?"

बाळप्पाने वास घेतला आणि मटकन खाली बसला. "वर्षभर टाकीत हेच होतं? वहिनी, हे आधी नाही सांगायचं?"

"तुम्ही विचारलंत कुणी हात लावला. किती दिवस कुणी हात लावला नाही, ते कुठे विचारलंत?"

बाळप्पाने कार्बोरेटर खोलला. "हे बघा. पेट्रोलच्या वाटा दोन असतात. मोठी वाट पळायला, बारीक वाट उभं राहायला. शिळं पेट्रोल चिकट झालं आणि बारीक वाट बुजली." त्याने तार घातली. तार जाड. मग सगळे साळूमावशीकडे गेले. साळूमावशी म्हणजे साळिंदर, अंगभर काटेच काटे.

"एक काटा द्या, मावशी."

"असे हजार जण मागतात," साळूमावशी म्हणाली, पण दिला. सगळ्यांत बारीक, शेपटीजवळचा.

काटा वाटेतून आरपार गेला. टाकी धुतली, ताजं पेट्रोल भरलं, दोरी ओढली, रेस सोडली.

टुक टुक टुक टुक.

बाळप्पाने कान लावला. टुक टुक टुक टुक. सुंद्राबाईला इतका आनंद झाला, इतका आनंद झाला, की ती पोटावर घसरत तळ्याला दोन चकरा मारून आली. पोरंही घसरली. बाळप्पानेही घसरून पाहिलं. त्याला बर्फातून उपटून काढावं लागलं.

उद्घाटनाचा दिवस उजाडला. महाराज शाल पांघरून आले. गळ्यात हार पडला, एक पंजा गिरमिटाच्या मुठीवर ठेवला, फोटो निघाला. झाडावर कावळे ओळीने येऊन बसले होते. गिरमिट टुकटुकत होतं. महाराजांनी खूश होऊन कागद उघडले.

आता मुलांनो, एक गोष्ट लक्षात घ्या. महाराजांचं भाषण आजवर आपणहून कधीच संपलं नव्हतं. दरवेळी काहीतरी बंद पडायचं, कधी भोंगा, कधी दिवे, आणि त्यावर ते आटपायचं. आज काहीच बंद पडेना.

"हा आवाज ऐका!" महाराज म्हणाले. "या यंत्राकडून जनतेने शिकावं. पोटात आग आहे, पण तक्रार नाही!"

टाळ्या पडल्या. ऊन डोक्यावर आलं. पेट्रोल कमी झालं तसं कोल्ह्याने वरून ओतलं. महाराज आपल्या बालपणावर आले. ऊन कललं. महाराज आजोबांच्या बालपणावर गेले.

"आई, मासा?" धाकट्याने विचारलं.

"बोलणं संपलं की."

"बोलणं कधी संपेल?"

सुंद्राबाईला रडू फुटलं. तीन दिवस राबून, नाक काळं करून, तिनेच त्या यंत्राला उभं राहायला शिकवलं होतं. आता ते उभं होतं, महाराज उभे होते आणि मासे खाली पोहत होते. मग तिने डोळे पुसले. फडकं घेतलं. यंत्र पुसायच्या निमित्ताने ती वाकून पुढे गेली आणि तो बारका स्क्रू हळूच बाहेर फिरवला.

टुक टुक... टुक... टु...

महाराजांचे कान उभे राहिले. झाडावर कावळ्यांनी घसा साफ केला. महाराजांना गिरणी आठवली आणि त्यांनी घाबरून रेस करकचून दाबली.

पात्याने बर्फ पकडला आणि गिरमिट महाराजांना घेऊन फिरलं. पहिल्या फेऱ्यात शाल गेली. दुसऱ्यात हार गेला. तिसऱ्यात भाषणाचे सत्तावीस कागद तळ्यावर उडाले. महाराज मूठ सोडायला तयार नव्हते. "ही प्रगती थांबणार नाही!" ते फिरता फिरता ओरडले, आणि तेवढं मात्र त्या दिवशी अगदी खरं बोलले.

धाडकन भोक पडलं. एक मासा उसळून महाराजांच्या मांडीवर आला. चारही पोरांनी भोकात उड्या टाकल्या.

"हे पारंपरिक नृत्य महाराजांनी खास या प्रसंगासाठी बसवलं होतं," कोल्ह्याने जाहीर केलं. टाळ्यांचा कडकडाट झाला. कावळ्यांनाही काय म्हणावं ते सुचेना. महाराज बर्फावर बसून तीन कोल्हे मोजत होते.

बाळप्पाने गिरमिट उचललं. रेस सोडली की पुन्हा फुस्स होत होतं. त्याने स्क्रू पाहिला, सुंद्राबाईकडे पाहिलं, आणि हत्यारांच्या पेटीकडे हात नेला.

सुंद्राबाईने त्या हातात एक गलेलठ्ठ मासा ठेवला. "राहू द्या, भावजी. पुढच्या महिन्यात समारोपाचं भाषण आहे."

तात्पर्य: मुलांनो, बिघडलेली वस्तू दुरुस्त करायला जरूर शिका. आणि दुरुस्त केलेली वस्तू नेमकी कधी बिघडवायची, तेही शिकून ठेवा. पहिल्या विद्येने कौतुक होतं, जेवण दुसरीने मिळतं.