बेकरीच्या गाडीचा अ‍ॅक्सल

वस्तू निवडावी तर ती मीच! हे माझ्याच तोंडानं सांगतोय, कारण दुसरं कुणी सांगत नाही. टरबूज असो, टायर असो, मी वरून नुसता हात फिरवला की आतला माल मला कळतो. म्हणून गेल्या हिवाळ्यात माझ्या जुन्या पिकअपचा मागचा अ‍ॅक्सल खडकावर कडाड्‌दिशी मोडला, तेव्हा मी अजिबात खचलो नाही. खचली माझी बायको, कॉरिन. तिला तिथून गावापर्यंत बर्फातून चालत यावं लागलं, तेही चर्चला घालायच्या बुटांत.

"आता असा दणकट अ‍ॅक्सल निवडतो," मी म्हटलं, "की गाडी मोडेल पण अ‍ॅक्सल मोडणार नाही!"

"दोन्ही न मोडणारं काही मिळत नाही का रे?" ती म्हणाली.

अ‍ॅक्सल म्हणजे मागच्या दोन चाकांना जोडणारी जाडजूड लोखंडी नळी. तिच्यात एक गरगरीत गोळा असतो, त्याला आमच्याकडे भोपळाच म्हणतात. इंजिनाचं बळ या भोपळ्यात येतं आणि आतल्या दातेरी चाकांमार्फत गाडीच्या चाकांना मिळतं. झालं, एवढंच! पण एवढ्यावरून आमच्या गावात भावाभावांनी बोलणं टाकलंय. युटाच्या या कोपऱ्यात माणसाचा धर्म कुणी विचारत नाही, कारण तो सगळ्यांचा एकच आहे. विचारतात ते अ‍ॅक्सल कुठला!

सगळा वसंत माझा निवडण्यात गेला. न्हाव्याकडे एक सल्ला, टपाल कचेरीत दुसरा, प्रार्थना संपून डोळे उघडतोय तोच शेजारच्या बाकावरून तिसरा. हा म्हणे रुंद घे, तो म्हणे रुंद घेशील तर मरशील. मी दमून घरी यायचो आणि जेवताना पुन्हा तोच विषय काढायचो.

"लाइल," कॉरिन एकदा म्हणाली, "पोरीचं नाव ठेवायलासुद्धा आपल्याला एकच संध्याकाळ लागली होती."

तेवढ्यात सासऱ्यांनी बॉम्ब टाकला. माझे सासरे लाडेल आमच्याकडेच राहतात. वय झालंय, पण कान तिखट आणि जीभ त्याहून तिखट. सासूबाई गेल्यापासून दिवसभर खिडकीत बसून समोरच्या पेट्रोल पंपाकडे बघत असायचे. एक दिवस म्हणाले, "मी मर्लाकडे राहायला जातो. इथं तुम्हाला माझी अडचण होते."

मर्ला म्हणजे त्यांची धाकटी मुलगी, सेंट जॉर्जला असते. अडचण होते असं आमच्यापैकी कुणी स्वप्नातही म्हटलं नव्हतं. कॉरिन पुसलेली ताटली पुन्हा पुसत राहिली, ताटलीवरची फुलं जायची वेळ आली.

"जायच्या आधी एकदा हॅचर पठारावर नेशील का रे, लाइल?" सासरे म्हणाले. "पोरवयात मेंढ्या राखल्या तिथं. तो कडा एकदा डोळ्यांखालून घालतो, मग मर्ला मला ठेवायचं तिथं ठेवो."

"शनिवारी नेतो, बाबा!" मी छातीवर हात मारला. सोमवारी मर्ला त्यांना न्यायला येणार होती. पठाराची वाट साध्या गाडीचं काम नाही, आणि माझी गाडी मागच्या बाजूनं ठोकळ्यांवर उभी होती.

अशा वेळी धावून आला आर्विन. हा माझा मित्र. त्यानं आयुष्यात इतके अ‍ॅक्सल मोडलेत की लोक त्याला त्यातला जाणकार समजतात.

"भंगारात एक रत्न आलंय," तो म्हणाला. "बेकरीच्या गाडीचा अ‍ॅक्सल!"

"पाव वाहायच्या गाडीचा?"

"अरे, पावाचा नाही, लोखंडाचाच आहे! माझ्या मांडीएवढा जाड!"

आर्विनची मांडी म्हणजे गंमत नाही. आम्ही गेलो. मी डोळे मिटून अ‍ॅक्सलवर हात फिरवला. आतून जणू आवाज आला. "हाच!" मी म्हटलं.

घरी आणल्यावर कळलं, की माझ्या गाडीत इंजिनाकडून येणारा दांडा उजवीकडे येतो आणि या अ‍ॅक्सलचा भोपळा आहे डावीकडे. आम्ही दोघं कमरेवर हात ठेवून बघत राहिलो.

"परत नेऊ या?" आर्विननं विचारलं.

"मी निवडलेली वस्तू परत जात नसते!"

मग आर्विनचे डोळे चमकले. ते चमकले की मी पळून जायला हवं, पण जात नाही. "लाइल, अ‍ॅक्सल उलटा केला तर? वरची बाजू खाली! भोपळा आपोआप उजवीकडे!"

आम्ही उलटा केला. भोपळा बरोबर उजवीकडे आला. इतकी साधी गोष्ट जगाला सुचली नाही याचं आम्हाला हसू आलं! वेल्डिंगच्या ठिणग्या उडवत आम्ही तो पक्का डकवून टाकला.

"तेल घालायचं भोक खाली गेलं की रे," मी म्हटलं.

"उलट बरंच! तेल काढायला सोपं."

शुक्रवारी दुपारी गाडी ठोकळ्यांवर असतानाच इंजिन सुरू करून गिअर टाकला. चाकं काय सुरेख फिरली! आर्विननं मला मिठी मारली. चाकं फिरली हे आम्ही पाहिलं. कुठल्या दिशेनं फिरली ते बघायचं कुणाच्या डोक्यात येईल?

शनिवारी सकाळी सासरे ठेवणीतली हॅट घालून पुढच्या सीटवर पट्टा लावून बसले. कॉरिननं गाडीमागे टेबल मांडून त्यावर चीज घातलेल्या बटाट्यांचं मोठं भांडं, हिरवी जेली आणि डबे ठेवले होते, एकेक करून गाडीत चढवायला. आर्विन मागच्या हौद्यात अवजारांवर बसला.

"हॅचर पठार!" मी ललकारी दिली आणि पहिला गिअर टाकला.

गाडी मागे गेली. धाड! टेबल आडवं. बटाटे थेट आर्विनच्या मांडीवर.

"चुकून रिव्हर्स पडला," मी म्हटलं. या खेपेला गिअर नीट निरखून पहिलाच टाकला. गाडी जेलीवरून आणि कॉरिनच्या गुलाबांवरून आणखी मागे गेली. दुसरा टाकला. तशीच मागे, पण जोरात! कुंपण आलं म्हणून थांबलो.

सासऱ्यांनी हॅट सारखी केली. "लाइल, पठार तिकडे आहे," समोर बोट दाखवत ते शांतपणे म्हणाले.

आर्विन बटाटे निपटत खाली वाकला, चाकांकडे बघत राहिला, मग हळूच माझ्या खिडकीशी आला. "काय झालंय सांगू? भोपळा उलटा केला, तर आतलं दातेरी चाकही या बाजूचं त्या बाजूला गेलं. त्यामुळे सगळंच उलटं फिरतंय. तुझ्याकडे आता मागे जायला चार गिअर आहेत."

"आणि पुढे जायला?"

"एक. रिव्हर्स."

मी स्टिअरिंगवर डोकं टेकलं. तो वेल्ड तोडायचा म्हणजे आठवडा गेला, आणि सोमवार तर दारात. कॉरिन गुलाबांपाशी उभी होती. मला वाटलं, आता आकाश फाटणार. तिनं फक्त ॲप्रनला हात पुसले, ॲप्रन काढून काळा कोट चढवला, गाडीत चढून वडिलांच्या शेजारी बसली आणि म्हणाली, "मग रिव्हर्सनं जाऊ. पण जाऊ."

निघालो. रिव्हर्स म्हणजे माणसाच्या चालीचा वेग. शिवाय मागचे पांढरे दिवे लागलेले आणि मागे येताना वाजणारा भोंगा अखंड ठणाणा करत होता. तो मीच हौसेनं बसवलेला! हमरस्त्यावर शेरिफच्या कचेरीतली मार्लीन गाडी घेऊन मागे आली. तिनं आम्हाला थांबवलं.

"लाइल, तुझे रिव्हर्सचे दिवे लागलेत."

"मी रिव्हर्समध्येच आहे, मार्लीन."

"पण तू पुढे जातोयस."

"हो."

तिनं डोंगराकडे बघितलं. "माझी सुट्टी परवापासून आहे," ती स्वतःशीच म्हणाली. "लाडेलकाका, तुम्ही बरे आहात ना?"

"उत्तम! असा जपून तर हा कधीच चालवत नाही."

मार्लीननं हात टेकले. "वळणापर्यंत मी मागून दिवे लावून येते. कुणी येऊन धडकायला नको."

आता चित्र बघा. पुढे गोगलगाईसारखी पिकअप, मागे पोलिसांचे फिरते दिवे, कॉरिन काळ्या कोटात डोळे पुसतेय, कारण खिडकीतून धूळ येत होती. गावातल्या लोकांनी काय समजायचं? न्हावी दुकानाबाहेर येऊन उभा राहिला आणि त्यानं टोपी काढून छातीशी धरली. टपाल कचेरीतल्या बाईंनी मान खाली घातली. समोरून येणाऱ्या गाड्या आदरानं कडेला थांबल्या.

"कोण गेलं रे?" सासऱ्यांनी विचारलं.

मला खरंच माहीत नव्हतं. "कुणीतरी मोठं असणार, बाबा."

त्यांनीही हॅट काढून छातीशी धरली आणि मान पार खाली घातली, म्हणून ते लोकांना दिसलेच नाहीत. नंतर टपाल कचेरीतल्या बाईंना त्यांनी हात केला, तेव्हा म्हणे त्या मटकन खाली बसल्या.

पठाराच्या चढावर मात्र बेकरीच्या अ‍ॅक्सलनं आपलं पाणी दाखवलं. रिव्हर्सच्या ताकदीनं गाडी खडकांवरून मुंगीसारखी चढत गेली! आमच्या मागून हौशी पोरांच्या चकचकीत जीपांची रांग येत होती. त्यांना आमचे पांढरे दिवे दिसले, भोंगा ऐकू आला, आणि आम्ही मागे येतोय असं वाटून ती अख्खी रांग घाबरून मागे सरकली. आम्ही पुढे, ते मागे. आम्ही आणखी पुढे, ते आणखी मागे. आर्विन हौद्यातून ओरडत होता, "अरे, या! या! हा माणूस पुढेच चाललाय!" कुणाचाही विश्वास बसला नाही. शेवटी ते खाली नदीच्या पात्रापर्यंत गेले असावेत.

एका रेताड जागी चाकं रुतली. मी पुढच्या चाकांनाही बळ दिलं. चूक! पुढची चाकं गाडी मागे ओढू लागली आणि मागची पुढे ढकलू लागली. खरेदीला निघालेल्या नवराबायकोसारखी गाडी जागच्या जागी थरथरत खोल खोल जायला लागली. मी इंजिन बंद केलं. मग मी आणि आर्विननं ढोपरावर बसून हातांनी रेती उपसली. सासरे आतून सूचना करत होते. कॉरिन हसत होती! गेल्या कित्येक महिन्यांत मी तिला असं हसताना पाहिलं नव्हतं.

दुपार कलताना कडा आला. सासरे उतरले, काठी टेकत काठापाशी गेले आणि खालची तांबडी दरी बघत उभे राहिले. आम्ही मागेच थांबलो. माझी पाठ, मान, कंबर, सगळं एकदम दुखत होतं. मला तिथंच आडवं व्हायचं होतं.

तेवढ्यात कॉरिनचा फोन वाजला. कड्यावर रेंज येते. मर्ला होती. बोलण्यापेक्षा रडणंच जास्त. गावातून कुणीतरी तिला कळवलं होतं.

"बाबा गेले ना?" ती हुंदके देत म्हणाली.

"हो, आम्हीच घेऊन आलो," कॉरिन म्हणाली. तिचं लक्ष दरीकडे होतं. "छान गेले. वाटेत सगळ्यांना हात केला."

पलीकडून किंकाळी आली. सासऱ्यांनी फोन हातात घेतला, पण मर्ला ऐकतेय कुठं! ती बोलतच सुटली. "बिचाऱ्यांसाठी खोली किती शांत केली होती मी! टीव्ही काढला, रस्त्याकडची खिडकी बुजवली, साखर बंद, संध्याकाळी आठला दिवा बंद! किती आरामात राहिले असते!"

सासऱ्यांनी ते सगळं नीट ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मर्ला, मी बाबा."

पलीकडून पुन्हा किंकाळी आली.

"मेलो नाहीये. पण सोमवारी येऊही शकत नाही, पोरी. इथं लाइल आहे. त्याला एकट्याला टाकून निघायचं म्हणजे... अगं, तू बघायला हवं होतंस!"

कॉरिननं तोंड फिरवलं. या खेपेला धूळ नव्हती.

सासरे आमच्याकडेच राहिले. मी रोज संध्याकाळी गाडीखाली पाठीवर पडून तो वेल्ड कापतो. एवढं पक्कं काम मी आयुष्यात दुसरं केलेलं नाही. सासऱ्यांनी खिडकीतली खुर्ची उचलून गॅरेजात आणलीय. तिथून ते माझं काय काय चुकतं ते एकूण एक सांगतात. आता त्यांचे मित्रही येतात, आपापल्या खुर्च्या घेऊन. कॉरिन सगळ्यांना लिंबू सरबत देते, मी हात धुवून येईपर्यंत ते संपलेलं असतं.

काल त्यातल्या एका म्हाताऱ्यानं गाडीखाली वाकून मला विचारलं, "उद्या आमची मंडळी येणार आहेत हो, मुद्दाम तुम्हाला बघायला. कितीला सुरू करता?"

मी सहाला सांगितलंय.