सही टाइमवाले दिगंबरकाका

दिगंबरकाका कुणाच्याही घरात शिरले की आधी भिंतीकडं बघतात, माणसांकडं नंतर. माझे आजोबा गेले तेव्हा ते भेटायला आले, दारात उभे राहिले, वर पाहिलं आणि म्हणाले, "सहा मिनिटं पुढं आहे." मग सतरंजीवर बसून त्यांनी रीतसर दुःख केलं. आई अजूनही त्या गोष्टीवरून चिडते. मला मात्र तेव्हाच वाटलं होतं, हा माणूस आपला आहे.

काका बुऱ्हाणपूरच्या बुधवारा पेठेत, आमच्या गल्लीच्या तोंडाशी राहतात. कापडाच्या मिलमध्ये ते टाइमकीपर होते, भोंगा त्यांच्या हातात. अर्धं बुऱ्हाणपूर त्या भोंग्यावर घड्याळं लावायचं. रिटायर होऊन किती वर्षं झाली, पण गल्लीतल्या काट्यांची जबाबदारी त्यांनी सोडलेली नाही. "काटा खोटं बोलत नाही बेटा, माणूस त्याला बोलायला लावतो," हे वाक्य ते दिवसातून चारदा म्हणतात, एकदा तरी भाजीवाल्याला.

माझे वडील कामगार संघटनेत होते. मी अक्षरं शिकले ती पत्रकांच्या कोऱ्या पाठीवर, आणि वाचायला लागले ती पत्रकांच्या पुढच्या बाजूवर. त्यामुळं ओट्यावर बसून काकांनी मला घड्याळाचा इतिहास सांगितला, तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. ते सांगत होते की पूर्वी एकेक चाक कारागीर कानशीनं घासायचा. घड्याळ राजाच्या महालात नाहीतर सावकाराच्या दिवाणखान्यात. मग तिकडं अमेरिकेत कुणी लाकडाची चाकं यंत्रावर कापायला लागलं, सगळी एकसारखी, याचं चाक त्याला बसेल अशी. फेरीवाले ती घड्याळं गाडीत घालून खेडोपाडी विकायला निघाले. पुढं पितळेच्या पत्र्यातून साच्यानं चाकं निघाली आणि घड्याळ आणखी स्वस्त झालं. आपल्याकडं जर्मन लंबकवाली आली, जपानी आली, त्यांना आठवड्याला चावी द्यायची. शेवटी एका पेन्सिल सेलवर चालणारं प्लॅस्टिकचं घड्याळ आलं, आणि आज सिंधीपुऱ्यातल्या हमालाच्या भिंतीवर आणि कलेक्टरच्या भिंतीवर एकच मिनिट दिसतं.

"म्हणजे काका, ही तर क्रांती झाली," मी म्हणाले.

"झाली ना. आणि तुम्ही लोकांनी तिचं काय केलं? दहा मिनिटं पुढं करून ठेवली."

हे खरं होतं. आमच्या गल्लीत घरटी एक घड्याळ दहा मिनिटं पुढं असतं. उशीर होऊ नये म्हणून. बहुतेक घड्याळं लग्नात आलेली, काचेवर लाल अक्षरांत देणाऱ्या मामाचं नाव, आणि मामाच्या नावाखाली खोटा टाइम. काकांच्या मते हा गरिबाच्या हाती आलेल्या सत्याचा अपमान होता. माझ्या मतेही. त्याच संध्याकाळी मी पत्रक लिहिलं: 'शेकडो वर्षांनी वेळ सामान्य माणसाच्या घरात आली. तिला खोटं पाडू नका. या गल्लीत एकही चुकीचं घड्याळ राहणार नाही.' खाली काकांची सही. झेरॉक्स काढून मी ते प्रत्येक दारात दिलं.

पुढचे दोन रविवार आम्ही घरोघर फिरलो. काका स्टुलावर, मी खाली पाना-पेचकस घेऊन. फक्त सकाळी साडेआठला ते काहीही अर्धवट टाकून घरी जात. दर रविवारी नऊला नितीनचा फोन येतो, म्हणत. नितीन त्यांचा मुलगा, बंगळूरला असतो. मग दहानंतर पुन्हा हजर. दुसऱ्या रविवारी दुपारी सगळ्या गल्लीत एकदम बारा वाजले. मला तर टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या.

सोमवारी शेजारच्या मंदामावशीच्या यजमानांची भुसावळ पॅसेंजर चुकली. शाळेची व्हॅन तीन पोरं सोडून गेली. झालं असं होतं, की गल्लीतला प्रत्येक जण वर्षानुवर्षं घड्याळ बघून मनात दहा मिनिटं वजा करत आला होता. घड्याळं सुधारली, वजाबाकी तशीच राहिली. मंदामावशी ओट्यासमोर येऊन उभी राहिली. "काका, आमचं झूठ घड्याळ बरं होतं. ते निदान गाडीत बसवत होतं."

"घड्याळ सुधारलं मंदाबाई, आता माणसं सुधरायची. त्याला टाइम लागेल," काका म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर तसूभर पश्चात्ताप नव्हता.

मला असला ठाम माणूस आवडतो. पुढच्या रविवारी मी दुसरं पत्रक लिहून त्यांच्या घरी गेले. साडेनऊ झाले होते. काका ओट्यावर नव्हते. आतून त्यांच्या बायकोनं, शालूकाकूनं, हाक मारली. तोवर मी कधी ओट्याच्या पुढं गेले नव्हते. काका जाऊच द्यायचे नाहीत. काकूला आता नीट दिसत नाही. मोठे आकडे तेवढे कळतात. ती स्वयंपाकघरात पाटावर बसली होती, समोर झाकलेला चहा, आणि नजर भिंतीवरच्या ताटाएवढ्या घड्याळावर. त्यात पावणेनऊ वाजले होते.

मी स्टूल ओढलं. तेवढ्यात काका दुधाची पिशवी घेऊन मागच्या दारानं आले आणि त्यांनी माझं मनगट धरलं. ओढतच ओट्यावर नेलं.

"हात लावू नको," ते हळू बोलले. "पहिल्या वर्षी नितीन नऊलाच फोन करायचा. मग सव्वानऊ झाले, मग साडेनऊ. त्याला काम असतं. पण नऊ वाजून गेले की ही चहा पीत नाही, बोलत नाही, नुसती वर बघते. म्हणून दर रविवारी मी काटा मागं घेतो. फोन आला की पुन्हा पुढं करतो. सध्या पावणेदहाचा अंदाज धरलाय."

पत्रकाखालची त्यांची सही माझ्या डोळ्यांपुढं आली. मला राग यायला हवा होता. तेवढ्यात पावणेदहा, म्हणजे काकूच्या घड्याळातले नऊ, वाजून गेले. आम्ही आत गेलो. काकांचा हात शर्टाच्या खिशातल्या फोनवर होता. फोन गप्प. काकूच्या घड्याळात नऊ वाजून सात मिनिटं झाली. तिनं चहाची कपबशी जराशी दूर सरकवली.

"पोरी," ती म्हणाली, "तुझ्या मोबाइलात किती वाजलेत गं?"

काकांनी माझ्याकडं पाहिलं नाही. ते खिडकीतून बाहेर बघत होते.

मी मोबाइल काढला. नऊ बावन्न.

"नऊला दहा कमी, काकू," मी म्हणाले. "तुमचं पुढं गेलंय."

"असं होय." तिचे खांदे सैल झाले. "बघा, दुनियेची घड्याळं दुरुस्त करता आणि घरातलं चुकतंय."

एरवी हे वाक्य काकांनी कुणाकडून ऐकून घेतलं नसतं. "चुकलं बाई माझं," ते म्हणाले, आणि चहा पुन्हा गरम करायला ठेवला.

मी स्टुलावर चढले आणि मोठा काटा मागं घेतला. खाली काका एका हातानं स्टूल धरून उभे होते. दुसरा हात खिशावर होता.