सदाकाकांची फुलचुखी

ही गोष्ट मी आजवर टाळली. सदाकाकांच्या गमती सांगून लोकांना हसवायचो आणि गुढीपाडव्याच्या दिवसापाशी येऊन थांबायचो. आता ऐंशी ओलांडली, आज थांबत नाही.

कामरगावात आमच्या शेजारी राहणारे सदाकाका दर पाडव्याआधी घरोघर जाऊन कोळ्यांची जाळी मागत. बायका झाडायला निघाल्या की हे काडी घेऊन दारात हजर. "वहिनी, झाडू नोका. मले द्या." मग जाळ्यांची ती काडी अंगणातल्या जास्वंदीत खोचायची, बाजूला शेतातला निवडक कापूस. फुलचुखीला, त्या अंगठ्याएवढ्या पाखराला, घरटं बांधायला सामान!

"भाऊजी, तुमच्या घरात जाळ्यांचा तोटा हाय काय?" आई विचारायची.

"ते तर पयलेच नेले फुलचुखीनं."

बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. घरात ते आणि मनी मांजर. तिला ते 'बाईसाहेब' म्हणत, आणि घरट्याच्या दिवसांत तिच्या गळ्यात घुंगरू बांधत.

त्या वर्षी फुलचुखीनं घरटं बांधलं ते नेमकं आमच्या दोन घरांमधल्या कपड्यांच्या दोरीवर. काका धोतर बाभळीच्या कुंपणावर वाळवू लागले. धोतराची चाळण झाली.

"धोतर फाटलं तं फाटलं. तिचं घर नाई फाटलं पाह्यजे."

एका सकाळी त्यांनी मला हात धरून दाराआड उभं केलं. मी तेव्हा बाविशीतला, नुकतं लग्न झालेला. जास्वंदीवर कोळशाएवढा काळा पक्षी बसला होता. तो उन्हात वळला आणि अंगभर निळा-जांभळा पेटला. मग हवेतच थांबला, पंख फडफडून दिसेनासे झाले, वाकडी चोच फुलात बुडाली, फूल हललंसुद्धा नाही. मी श्वास रोखून धरला होता. पलीकडे पिवळसर मादी जाळ्याच्या धाग्यानं कापूस शिवत होती.

"पाह्य लेका," काका कुजबुजले, "गडी गाऊन राह्यला, काम बाईच करून राह्यली. आपल्याच गावचा दिसते!"

हसताना त्यांचे डोळे भरले होते.

पाडव्याला माझे सासरे पहिल्यांदा घरी येणार होते. त्याच सकाळी मी सतरंजी धुतली. वाळत घालायला जागा नव्हती. दोरीच्या टोकाला टाकली तर काय होतंय, म्हणून टाकली. ओल्या वजनानं दोरी खाली आली, घरटं भिंतीवर आपटून पडलं. दोन अंडी फुटली. मी सतरंजी उचलली आणि गुपचूप घरात शिरलो.

काका बाहेर आले तेव्हा मनी तिथं हुंगत होती.

"बाईसाहेब," ते एवढंच म्हणाले, "तुमीच?"

दुसऱ्या दिवशी तिला टोपलीत घालून बैलगाडीनं किन्हीराजाला बहिणीकडे सोडून आले. गाडीतून उतरताना आईला म्हणाले, "आता घरात हाक मारायले कोनी नाई, वहिनी." मी ओट्यावरच उभा होतो.

पुढं मी कितीदा त्यांच्या दारापर्यंत गेलो आणि पिकापाण्याचं बोलून परतलो. शेवटच्या आजारात त्यांनीच मला जवळ बोलावलं.

"मनीले मी लय कठोर वागलो काय रे?"

"नाही काका," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली आणि कूस बदलली. काका, सतरंजी मी टाकली होती. मनीनं काही केलं नव्हतं. मला माफ करा. हे मी त्यांच्या पाठीकडे बघत मनातल्या मनात म्हटलं.