साळूबाईंनी विचारलं होतं

एका जंगलात, मुलांनो, सिंहमहाराजांचं अर्धं चघळलेलं हाड कुणीतरी झाडून टाकलं. महाराज चिडले. हुकूम सुटला, ‘जागा सोडणाऱ्या प्रत्येकाला विचारा, केलेला बदल ठेवायचा का? नको म्हणाला, तर सगळं पूर्ववत करा.’

ओढ्याकाठच्या बाभळीवर हे काम साळूबाई साळुंकीकडे आलं. पूर्ववत करायला खारी होत्या.

“कावळोबा, बदल ठेवायचा?”

“अगं, मी नुसता टेकलो होतो!”

“टेकलात म्हणजे फांदी हलली. हललेली ठेवायची?”

“नको गं बाई!”

लगेच खारी फांदी धरून बसल्या.

हळूहळू सगळ्यांना सवय झाली. साळूबाईंनी चोच उघडली, की ‘नको’ म्हणायचं आणि उडायचं.

त्याच बाभळीवर गवत्या नावाचा सुगरण पक्षी होता. लाजरा, पण कष्टाळू. त्याला आवडणाऱ्या रेवा सुगरणीनं सांगितलं होतं, “घरटं आवडलं तरच लग्न.” बाभळीला शिंदीचं झाड टेकलं होतं. गवत्यानं जागचं न हलता पाती ओढली आणि दिवसभरात सुंदर घरटं विणलं. चोच सोलवटली.

तेवढ्यात ओढ्यावरून रेवाची हाक आली. गवत्या हरखून उडाला.

“बदल ठेवायचा?”

“नको गं, साळूताई!”

रेवाला घेऊन तो परतला, तेव्हा फांदी मोकळी होती. खारी शिंदीखाली पात्यांची चळत लावत होत्या.

“घरटं कुठाय?” रेवानं विचारलं.

गवत्या पात्यांच्या चळतीकडे धावला.

“मी विचारलं होतं हो,” साळूबाई म्हणाल्या.

रेवाला दया आली. “उद्यापर्यंत थांबते. नाहीतर शेजारी तो दुसरा सुगरण आहे, पिंगळ्या, त्याचं घरटं बघते.”

गवत्या महाराजांकडे गेला आणि रडला. महाराजांनाही वाईट वाटलं. त्यांनी नवा हुकूम काढला, ‘यापुढे दोनदा विचारा.’

सकाळपासून सगळे पक्षी उडण्याआधीच “नको, नको” म्हणू लागले.

गवत्यानं दुसरं घरटं विणलं. पहिल्यापेक्षा देखणं. ओढ्यावरून रेवानं हाक मारली, “येतोस ना न्यायला?”

गवत्यानं साळूबाईंकडे पाहिलं. मग स्वतःच्या चोचीकडे पाहिलं. तिचा काही भरवसा नव्हता. त्यानं फांदी घट्ट धरली.

“तूच वर ये!” तो ओरडला.

“चार पंख हलवून न्यायलाही यायचं नाही? असला कसला नवरा!” असं म्हणून रेवा पिंगळ्याकडे गेली.

तात्पर्य : दुसऱ्याला विनाकारण शंभरदा विचारावं. खरं नुकसान होईल त्या दिवशी आपण सावध ठरतो आणि तो बेसावध.