खणातली परेड

परबकाका बोलताना तुमच्या तोंडाकडे बघत नाहीत. ते तुमच्या छातीकडे बघतात. डावी बाजू, शर्टाच्या खिशाच्या दोन बोटं वर. तिथे नजर रोखून ते विचारतात, "काय, पाणी आलं का सकाळी?" आणि उत्तरही तिथूनच येणार असल्यासारखे थांबतात.

मला याची सवय आहे. सहाव्या मजल्यावर नव्याने राहायला आलेल्या बाईंना नव्हती. त्यांनी सोसायटीच्या ऑफिसात लेखी तक्रार दिली. मी सेक्रेटरी. हे पद मला लायकीमुळे मिळालेलं नाही, त्या मीटिंगला मी उशिरा पोहोचलो म्हणून मिळालं. चौऱ्याहत्तर वर्षांच्या माणसाला असल्या विषयावर नोटीस कशी द्यायची या विचाराने मी दोन दिवस नीट जेवलो नाही. तिसऱ्या दिवशी त्या बाई स्वतःच येऊन तक्रार परत घेऊन गेल्या. "जाऊ द्या," त्या म्हणाल्या, "माझ्या मिस्टरांकडेही ते तसेच बघतात."

काकांच्या त्या नजरेत पाप नव्हतं, हूक होता. किंवा हूक नव्हता, हेच त्यांचं दुःख होतं.

सांगतो. परबकाका सैन्यात हवालदार होते. त्यांनी बंदूक चालवली, पण नोकरीची शेवटची चौदा वर्षं त्यांच्याकडे वेगळंच काम होतं. पदकं देण्याचा समारंभ असला की ज्यांना पदक मिळणार त्यांच्या छातीवर आधी हूक बसवायचा आणि मग मखमली उशीवर पदकं मांडून साहेबांच्या बाजूला उभं राहायचं. आपल्याला वाटतं जनरल पदक टाचतो. "अरे हट!" काका म्हणतात. "जनरलला टाचणी दिलीस तर तो शिपायाला भोसकेल. तो फक्त टांगतो. खरं काम आदल्या दिवशीच होऊन जातं. ते परबने केलेलं असतं."

जनरलच्या जातीही त्यांनी पाडल्या होत्या. थरथरणारा, गप्पा मारणारा आणि चष्मा विसरून येणारा. तिसरा सगळ्यात वाईट. "एकाने माझ्यासमोर पदक सोडलं ते सरळ शिपायाच्या बुटावर. शिपाई हलला नाही. पापणीसुद्धा नाही. मी खाली वाकलो, उचललं, पुसलं, परत उशीवर. चार सेकंद. बँडवाल्यालाही कळलं नाही." हे सांगताना ते वाकून दाखवायचे, आणि मग सरळ होताना त्यांना माझ्या खांद्याचा आधार लागायचा.

काका तीन भाषा बोलतात. हुकूम हिंदीत, गप्पा मराठीत आणि मनातलं मालवणीत. मनातलं ते सहसा बोलत नाहीत.

गेल्या वर्षी आमच्या कॅरम स्पर्धेचं बक्षीसवाटप त्यांच्या हातात दिलं, हा माझा पहिला गुन्हा. मी बाजारातून रिबीनवाली पदकं आणली होती, गळ्यात घालायची. काकांनी ती दोन बोटांत धरून उचलली. "गळ्यात? गळ्यात घंटा बांधतत, बैलाक!" त्यांनी सगळ्या रिबिनी कापल्या. विजेते होते साठे. बँकेतून मॅनेजर म्हणून निवृत्त झालेले, अंगाने भरपूर, आणि त्या दिवशी मुलीने पाठवलेला नवाकोरा लिननचा शर्ट घालून आलेले. काकांनी त्यांना जिन्याखाली नेऊन शर्टाला हूक शिवला. मग लिफ्टपासून टेबलापर्यंत कदम ताल करत आणलं. बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या. साठ्यांचा डावा हात आणि डावा पाय एकाच वेळी पुढे जात होता. "दाहिने मुड!" झाल्यावर ते डावीकडे वळले आणि सरबताच्या टेबलाला सलाम ठोकला. हूक काढताना शर्टाला भोक पडलं. साठे दोन महिने काकांशी बोलत नव्हते, आणि माझ्याशीही, कारण मी हसलो होतो.

काकांना स्वतःला किती पदकं मिळाली, हे मी एकदा विचारलं. "चार," ते म्हणाले. कुणी लावली? काका माझ्या खिशाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "क्लार्कने खिडकीतून सरकवली. सही घेतली. नेक्स्ट." परेडवर लागतात ती मोठी, शौर्याची वगैरे. नोकरीची पदकं बहुतेकांना अशीच मिळतात. पाकिटातून, खोक्यातून. आणि एक तर मिळालंच नव्हतं. वीस वर्षं इमानाने काढल्याबद्दलचं. कागद कुठेतरी अडकला होता. काका दरवर्षी अर्ज करत, त्याची एक प्रत सोसायटीच्या फायलीत लावायला माझ्याकडे देत. का, ते मी विचारलं नाही. मी लावत गेलो.

आता माझा दुसरा गुन्हा. हा मी आजवर बायकोलाही पूर्ण सांगितलेला नाही.

या वर्षी तेवीस जानेवारीला मी ऑफिसच्या खणात झेंड्याची दोरी शोधत होतो. दोरी सापडली नाही. पावतीपुस्तकांच्या खाली एक रजिस्टर्ड पार्सल सापडलं. काकांच्या नावाचं. हातात घेतल्याबरोबर आतलं धातूचं काहीतरी हललं. शिक्का जुलैचा होता. पोस्टमन आला तेव्हा काका घरी नसणार, मी सही केली असणार, "संध्याकाळी देतो" म्हणालो असणार. त्या संध्याकाळी पाण्याची मोटर जळाली होती. मोटर आठवते. पार्सल सहा महिने आठवलं नाही.

एवढंच असतं तरी मी माफी मागून मोकळा झालो असतो. पण त्या सहा महिन्यांत परबकाकींचे डोळे गेले होते. काकींना काचबिंदू. जुलैत त्या खिडकीतून मला ओळखून हाक मारायच्या, "शेक्रेटरी, लिफ्ट कधी होतली रे?" दिवाळीनंतर त्या भिंतीला हात लावून चालायला लागल्या. डॉक्टरांनी सांगितलं होतं, गेलेली नजर परत यायची नाही, उरलेली किती टिकेल सांगता येत नाही. जे पदक बघायला त्या इतकी वर्षं थांबल्या होत्या, ते माझ्या खणात पडून होतं आणि त्या तीन मजले वर आंधळ्या होत होत्या.

दुसऱ्या दिवशी मी ते पार्सल डब्याच्या पिशवीत घालून कामावर नेलं आणि तसंच परत आणलं. लिफ्टमध्ये काका भेटले. माझ्या छातीकडे बघत म्हणाले, "श्वास जोरात चालतोय तुझा. बीपी बघ." तेव्हा मला राहवलं नाही. मी त्यांना गच्चीवर नेलं, पार्सल पुढे केलं आणि सगळं बोलून टाकलं. मोटर, सही, खण.

काकांनी पार्सलला हातही लावला नाही.

"डावीकडचो खण," ते म्हणाले. "पावतीपुस्तकांच्या खाली. माका म्हायत आसा."

"काय?"

"पंधरा ऑगस्टाक झेंड्याच्या पेटीची चावी घेवक इललंय, तेव्हा बघितलंय."

हा माणूस पाच महिने रोज माझ्या ऑफिसवरून जात होता. "मग घेतलं का नाही, काका?"

ते कठड्याला टेकले. मग जे बोलले ते सगळं मालवणीत बोलले. थोडक्यात असं की काका निवृत्त होईपर्यंत काकींनी लग्नानंतरची सगळी वर्षं कुडाळकडच्या गावात काढली. काका पत्रातून परेडची वर्णनं लिहीत. बँड, मंडप, आणि पहिल्या रांगेत पांढऱ्या खोळीच्या खुर्च्या, त्यांवर बसलेल्या बायका. काकी प्रत्येक पत्राच्या शेवटी विचारायच्या, माझी खुर्ची कधी? काका लिहायचे, होतली. निवृत्त झाले तरी म्हणायचे, होतली, एक पदक बाकी आसा ना अजून, त्येका परेडवर बोलावतले.

"आता घरात जावन काय सांगू? पोस्टमननं आणून दिल्यान?" काका म्हणाले. "खणात होता तवसर परेड बाकी होती, रे."

मी म्हणालो, "पण काका, काकींना आता दिसत नाही."

"ऑगस्टात दिसत होता तिका," ते म्हणाले, आणि पहिल्यांदाच माझ्या तोंडाकडे बघितलं. "उशीर माझो झालो. तुझो नाय."

मला हे पटलं नाही. मला माझ्या वाटणीचा अपराध कुणी काढून घेतलेला आवडत नाही. मी म्हणालो, परवा सव्वीस जानेवारी आहे, आपण इथेच परेड करू. काका म्हणाले, जनरल खयसून आणतलंस? मी म्हणालो, साठे.

साठ्यांना राजी करायला मला तासभर लागला आणि नव्या शर्टाचं आश्वासन द्यावं लागलं. मग मात्र त्यांनी मुलाच्या लग्नातला बंदगळा काढला. काकींना सांगितलं गेलं की एक मोठे साहेब स्वतः येणार आहेत. हे खोटं काका बोलले. मी फक्त मान डोलावली, जी काकींना दिसत नव्हती, म्हणजे ते खोटं धरायचं की नाही हे मी अजून ठरवलेलं नाही.

सव्वीसला झेंडा फडकवून झाला. लोक जिलेबीच्या पुड्या घेऊन पांगायला लागले, त्यांना मी थांबवलं. पार्किंगमध्ये एक खुर्ची मांडली होती. तिला माझ्या बायकोने पांढरी चादर टाचून खोळ केली होती. काकींना हाताला धरून आणून बसवलं. त्या नऊवारी नेसल्या होत्या. बसल्यावर त्यांनी दोन्ही हातांनी खोळ चाचपून बघितली.

उशी मी धरली होती, आमच्या सोफ्याची. काकांनी हूक स्वतःच आपल्या कोटाला शिवला होता. मी नाव पुकारलं. चौऱ्याहत्तर वर्षांचे हवालदार परब दोन मोटारसायकलींच्या मधून असे चालत आले की जिलेबी खाणारे थांबले. त्यांनी सलाम केला. साठ्यांनी केला. हात योग्य होता, म्हणून मी सुटकेचा श्वास टाकला.

साठे जाड आवाज काढून म्हणाले, "हवालदार परब, देश को आप पर..."

"साठे भावजी," काकी खुर्चीतून म्हणाल्या, "गुडघो कसो आसा आता?"

कुणी हसलं नाही. साठ्यांनी हात कपाळाला तसाच ठेवून माझ्याकडे बघितलं. मी उशीकडे बघितलं. काकांचा चेहरा कागदासारखा झाला होता, पण ते सावधानमध्ये होते आणि सावधानमध्ये माणूस हलत नाही.

"खुर्ची बरी आसा," काकी म्हणाल्या आणि उठल्या. माझी बायको धरायला गेली तर त्यांनी तिचा हात बाजूला केला. "माका हयसून दिसणा नाय. जवळ येतंय."

त्या काकांच्या समोर येऊन उभ्या राहिल्या. आधी त्यांच्या हाताला कोटाची कॉलर लागली, मग हनुवटी. "दाढी नीट नाय केल्यात," त्या हळूच म्हणाल्या. मी उशी पुढे केली. पदक त्यांना सापडलं, हूक सापडायला वेळ लागला. तीनदा चुकलं. काकांची पापणी हलली नाही. चौथ्यांदा बसलं. त्यांनी पदकावर तळवा ठेवून ते बसलंय याची खात्री केली.

"आता काय करतत?" त्यांनी विचारलं.

काका सावधानमध्येच म्हणाले, "आता... जनरल हात मिळयता."

काकींनी हात पुढे केला. लग्नाला पन्नास वर्षं होत आली असतील. या दोघांनी याआधी कधी हात मिळवला असेल असं मला वाटत नाही. काकांनी तो हात धरला. दोघंही तसेच उभे राहिले, कुणीच सोडेना. साठ्यांचा हात मात्र अजून कपाळालाच होता, कारण तो खाली घ्यायचा हुकूम देणारा माणूस त्या वेळी कामात होता.