पश्चिमेकडची काच

रायपूर राजधानी झालं आणि त्याचा सगळ्यात जास्त त्रास कोणाला झाला असेल, तर चौबे कॉलनीतल्या देवपुजाऱ्यांच्या परछीला.

परछी म्हणजे घरापुढची पडवी. वर उतरतं कवेलूचं, म्हणजे कौलांचं, छप्पर, खाली गार फरशी. छप्पर इतकं खाली आलेलं की उंच माणसाला वाकून आत यावं लागे, आणि दुपारच्या उन्हाला वाकूनही येता येत नसे. श्यामकांतराव देवपुजाऱ्यांच्या वडिलांनी ती बांधली होती. श्यामकांतराव तिथे बसूनच लहानाचे मोठे झाले, एका सरकारी कचेरीत बडे बाबू झाले, आणि त्यांना कधी वाटलं नाही की परछीत काही कमी आहे.

पण नवं राज्य झालं, भोपाळहून नवे साहेब आले. त्यातले एक साहेब फाइल द्यायला घरी आले, छपराला डोकं आपटून आत शिरले आणि कपाळ चोळत म्हणाले, "बडे बाबू, घर तो आपका एकदम पुराने टाइप का है."

झालं. त्या दिवशी साहेबांच्या कपाळाला टेंगूळ आलं आणि श्यामकांतरावांच्या डोक्यात कल्पना. टेंगूळ दोन दिवसांत उतरलं.

त्यात जानेवारीत ते मेव्हण्याच्या वास्तुशांतीला पुण्याला गेले. मेव्हण्याच्या फ्लॅटला एक अख्खी भिंत काचेची होती. काय तो उजेड, काय ती हवा! (हवा पुण्याची होती, काचेची नव्हती, हे त्यांच्या मे महिन्यात लक्षात आलं.) परत आल्यावर पहिल्याच रविवारी चहा घेता घेता ते बायकोला म्हणाले, "वनमाला, परछी काढून टाकू म्हणतो."

"काहून? ती तुमचं काय खाऊन राहिली?"

"अंधार आहे. तिथं हॉल काढू. पुढची सारी भिंत काचेची."

"पुढं पश्चिम आहे."

"तेच त! घरात बसून सूर्यास्त दिसेल."

"सूर्यास्त मिनटाभराचा असते हो," वनमालाबाई म्हणाल्या. "त्याच्या आधीची दुपार कुठं ठेवाल?"

त्यांची मुलगी ऋता भौतिकशास्त्रात एम.एस्सी. करत होती. तिला मराठी सगळं समजायचं, पण उत्तर हिंदीतून यायचं. ती पुस्तकातून मान वर न करता म्हणाली, "बाबा, ग्रीनहाउस बन जाएगा."

"बनू दे," श्यामकांतराव उदारपणे म्हणाले. "हिरवा रंग मले पहिल्यापासून आवडते."

ठेकेदार शेखर मिळाला तोही त्यांच्याच मताचा. "भैया, पंडरी बाजारातल्या शोरूमसारखं दिसेल," तो म्हणाला, आणि श्यामकांतरावांना ती स्तुती वाटली. भिंत एकाच अखंड काचेची वाटावी म्हणून तिच्यात ना दार ठेवलं, ना उघडणारी खिडकी. घरात यायचा रस्ता बाजूच्या बोळातून काढला आणि हॉलला आतल्या बाजूने एक नवं प्लायचं दार लावलं. कवेलू उतरवले तेव्हा वनमालाबाई माजघरात जाऊन बसल्या. कोणी गेल्यासारखं तोंड करून.

फेब्रुवारीत मात्र हॉलने मान राखला. कॉलनी बघायला आली. श्यामकांतराव संध्याकाळी काचेसमोर खुर्ची टाकून सूर्यास्त पाहत आणि रस्त्यावरून जाणारे लोक त्यांना पाहत. पुढे पुढे त्यांना रस्त्यावरच्या लोकांचाच जास्त आनंद वाटू लागला.

मग होळी झाली आणि सूर्याने नोकरी गंभीरपणे घेतली.

एप्रिलात तो जेवणानंतर हॉलमध्ये शिरायचा आणि दिवेलागणीपर्यंत सोफ्यावर बसून राहायचा. घरच्या लोकांना बसायला जागा उरली नाही. ऋताच्या कॅसेटी वाकड्या झाल्या. वीज गेली तर असावी म्हणून हॉलमध्ये ठेवलेली मेणबत्ती लाजून खाली मान घालावी तशी वाकली. पूर्वी खिडकीबाहेर लोखंडी स्टँडवर कूलर असायचा. बाहेरची कोरडी हवा वाळ्याच्या ओल्या ताट्यांतून आत यायची आणि मागच्या खिडकीतून निघून जायची. आता खिडकीच नव्हती. तेव्हा श्यामकांतरावांनी कूलर उचलून हॉलच्या आतच ठेवला. तो हॉलचीच हवा ओढायचा, ओली करायचा आणि हॉललाच परत द्यायचा. तासाभरात हॉलमध्ये इडल्या झाल्या असत्या. (वनमालाबाईंनी खरंच विचारलं होतं, पीठ भिजवू काय म्हणून.)

वनमालाबाईंनी मात्र हॉलचा खरा उपयोग शोधून काढला. कूलर बंद असला की तिथे कुरडया दुपारभरात कडकडीत वाळत. कावळा नाही, धूळ नाही, आंधी आली तरी धावपळ नाही. ही बातमी कॉलनीत पसरली. शेजारच्या मायावहिनी एक दिवस परात घेऊनच आल्या.

"भाऊजी, जरा पाय वर घेता काय? खाली चिप्स टाकायचे आहेत."

श्यामकांतरावांनी पाय वर घेतले. मेच्या मध्यापर्यंत त्यांच्या राजधानी-टाइप हॉलमध्ये निम्म्या कॉलनीचं वाळवण होतं आणि ते स्वतः माजघरात पंख्याखाली पडून असत. पण काच चुकली असं त्यांनी तोंडातून काढलं नाही. चूक कबूल करायला माणसाला थंड डोकं लागतं, आणि डोकं थंड करायची जागा त्यांनी पाडून टाकली होती.

अशात नागपूरहून फोन आला. ऋतासाठी ज्या स्थळाची सगळ्यांना आशा होती, ती मंडळी दुर्गला एका लग्नाला येणार होती. तिथून दुपारी रायपूरला येऊन मुलगी पाहून जातो म्हणाली. मुलगा विहंग एका कारखान्यात इंजिनिअर, आई सरोजिनीबाई शिक्षिका, वडील नाना रेल्वेच्या लोको शेडमधून निवृत्त. माणसं चांगली, मुलगा चांगला. फक्त दिवस तेवढा नवतप्यातला, म्हणजे मेअखेरच्या नऊ भाजून काढणाऱ्या दिवसांतला. नवतप्यात रायपुरात कुत्रंसुद्धा सावली सोडून भुंकत नाही.

"आतल्या खोलीत बसवू," वनमालाबाई म्हणाल्या. "अंधार आहे, पण माणसं जिवंत राहतील."

"पाहुण्यायले अंधारात बसवायचं? मुलीत काही खोट आहे असं वाटेल त्यायले. काच कशाला लावली मग?"

"तेच त मी जानेवारीपासून विचारून राहिली."

पण श्यामकांतराव हट्टाला पेटले. त्यांनी हॉलमधलं वाळवण हलवलं, सकाळपासून कूलर लावून ठेवला, आणि ऊन अडवायला वनमालाबाईंनी टांगलेला जाडजूड पडदा देखावा दिसावा म्हणून बाजूला सारला. मंडळी आली. श्यामकांतरावांनी त्यांना हॉलमध्ये बसवलं आणि आतली थंडी बाहेर जाऊ नये (थंडी!) म्हणून खांद्याने ढकलून दार घट्ट लावून घेतलं.

ते प्लायचं दार कूलरच्या ओलाव्याने सकाळपासून फुगत होतं. त्या धक्क्याने ते चौकटीत जे बसलं, ते बसलंच.

आत बोलणं सुरू झालं.

"छान उजेड आहे," सरोजिनीबाई डोळ्यांवर हात धरून म्हणाल्या.

"हो, राजधानी झाली ना आता," श्यामकांतराव म्हणाले.

थोड्या वेळाने नानांनी टोपी काढली. मग कोट काढला. मग बुशशर्टाची वरची बटणं काढली. शेवटी ते म्हणाले, "देवपुजारी, सारी नोकरी मी बॉयलरजवळ काढली. पण बॉयलरच्या आत कधी बसलो नव्हतो."

श्यामकांतराव पन्हं मागवायला उठले. दार ओढलं. ते हललं नाही. पुन्हा ओढलं, तर मूठ हातात आली. ती त्यांनी पाहुण्यांना दिसू नये म्हणून खिशात टाकली आणि दाराशी तोंड नेऊन हळूच म्हणाले, "वनमाला, दार ढकल."

"ढकलून राहिली."

"जोरात ढकल."

"अहो, मी आणि ऋता दोघी ढकलून राहिलो!"

हे पाहुण्यांनी ऐकलं. मग कोणी टोपीची, कोटाची, इभ्रतीची पर्वा केली नाही. नाना आणि विहंग दोघे दाराला भिडले. दार फुगलं होतं ते फुगलेलंच राहिलं. वनमालाबाईंनी शेखरच्या दुकानात फोन लावला, पण नवतप्याच्या दुपारी फोन कोण उचलतो?

सगळ्यात वाईट म्हणजे काच. कुंपणाशी कॉलनी गोळा झाली. मायावहिनी सगळ्यांच्या पुढे, आणि त्या खुणांनी काहीतरी पुन्हा पुन्हा विचारत होत्या. श्यामकांतरावांना वाटलं, बिचारी धीर देते आहे. मग खुणा नीट वाचल्यावर कळलं, त्या विचारत होत्या, "माझे चिप्स कुठं ठेवले?"

सरोजिनीबाईंचा चेहरा आता लालबुंद झाला होता. त्यांची मान सोफ्याच्या पाठीवर कलली होती, आणि त्याचीच श्यामकांतरावांना भीती वाटली. पहिल्यांदाच त्यांच्या मनात आलं की हे हसण्यावारी जाणारं नाही. या बाईंना काही झालं तर? स्थळ गेलं तर जाऊ दे, पण माणूस? आणि सगळं आपल्या एका सूर्यास्तापायी. त्यांनी रुमालाने बाईंना वारा घालायला सुरुवात केली. आयुष्यात बायकोलाही त्यांनी कधी असा वारा घातला नव्हता.

तेवढ्यात काचेबाहेर ऋता आली. पाहुण्यांसाठी नेसलेल्या साडीचा पदर कमरेला खोचलेला, हातात बागेचा पाइप. विहंग काचेजवळ गेला. मुलगी पाहण्याचा कार्यक्रम म्हणतात तो खरं तर तिथे झाला. ऋताने पाइप दाखवला, मग काच दाखवली, मग दोन्ही तळवे जुळवून फटकन उघडले. विहंगने क्षणभर विचार केला आणि मान डोलावली. श्यामकांतरावांना वाटलं, पोरगी काच धुऊन देते आहे. एवढ्यातही घर स्वच्छ दिसावं असं तिला वाटतं, याचं त्यांना कौतुकही वाटलं.

"आई, नाना, मागे सोफ्याआड चला," विहंग म्हणाला. "काका, तुम्ही पण."

"मी कशाला? मी इथंच..."

विहंगने त्यांना दंडाला धरून सोफ्याआड बसवलं आणि जाड पडदा काचेवर सर्रकन ओढून घेतला.

बाहेर पाइप सुरू झाला. आधी उन्हात तापलेलं पाणी आलं, ते ऋताने गुलाबांच्या वाफ्याकडे न नेता रस्त्यावर सोडलं. मग बोरिंगचं गार पाणी आलं. तो फवारा तिने काचेच्या एका कोपऱ्यात धरला. दिवसभर तापलेली काच एकदा 'टण्ण' वाजली, मग एक लांब चर्रर्र आवाज झाला, आणि मग पडद्यामागे पंडरीचं अख्खं शोरूम कोसळावं तसा धडाका.

मग बाहेरची गरम लू आत आली. आयुष्यात पहिल्यांदाच रायपुरात कोणाला लू गार वाटली असेल.

ऋताने जाड चपला घालून फावड्याने वाट केली. नाना बाहेर पडले आणि थेट पाइपाखाली उभे राहिले. सरोजिनीबाईंना वनमालाबाईंनी आतल्या अंधाऱ्या खोलीत नेलं, ओल्या पंच्याने तोंड पुसलं, पन्हं दिलं. तासाभराने त्या हसून बोलू लागल्या, तेव्हा श्यामकांतरावांनी खिशातली दाराची मूठ काढून टेबलावर ठेवली आणि मान खाली घातली.

"मले माफ करा. काच माझ्या अकलेची होती."

"काच होती म्हणूनच सुटलो," नाना केस पुसत म्हणाले. "भिंत असती तर आमचं दहावं घालावं लागलं असतं."

त्या वेळी सगळे हसले, पण स्टेशनवर निरोप देताना कोणी लग्नाचा विषय काढला नाही. घरी आल्यावर श्यामकांतराव जेवले नाहीत. वनमालाबाईंनी फक्त ताटात दही वाढलं आणि ताट पुढे सरकवलं. दुसऱ्या दिवशी शेखर तुटलेली काच पाहायला आला आणि म्हणाला, "भैया, आता रंगीत काच लावू काय?" श्यामकांतरावांनी त्याला पाणीसुद्धा न विचारता कवेलूचा भाव विचारला.

आठवडा होता होता फोन वाजला. श्यामकांतरावांनी घाबरत उचलला. पलीकडे सरोजिनीबाई होत्या.

"आम्हाले तुमची पोट्टी पसंत आहे," त्या म्हणाल्या. "विहंग त त्याच दिवशी गाडीतच म्हणाला, करीन तर हिच्याशीच. काय डोकं आहे हो तिचं! घाबरली नाही, गडबडली नाही. एका पाइपानं सारं घर मोकळं केलं."

श्यामकांतरावांची छाती इतके दिवस आत गेलेली होती, ती एकदम बाहेर आली. डोळे भरून आले. आनंदाच्या भरात ते म्हणाले, "अहो, डोकं असणारच! ऋता सारी माझ्यावर गेली आहे!"

पलीकडे शांतता पसरली. इतकी, की त्यांना वाटलं लाइन कटली. मग सरोजिनीबाई जरा जपून म्हणाल्या, "वनमालाताईंना देता काय फोन?"

वनमालाबाईंनी फोन घेतला. "हो... हो... नाही हो, नाही. तुम्ही निश्चिंत राहा. नाक तेवढं त्यायचं आहे, बाकी सारी माझ्यावर... हव, देवाशपथ." मग त्या बराच वेळ हसल्या आणि फोन खाली ठेवला.

"काय म्हणत होत्या?" श्यामकांतरावांनी विचारलं.

"लग्न पक्कं झालं," वनमालाबाई म्हणाल्या. "मोडता मोडता वाचलं. आता अक्षता पडेपर्यंत तुम्ही फोन उचलू नका."